कांबळ्याखालची ठिणगी

बायकोने घर सोडायचं ठरवलं, आणि का ठरवलं हे तिने सांगितलंही. पण कानसेनांना ते कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटली. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. इंजिन त्यानंतर आलं.

सोमवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून ती म्हणाली, ‘मी लेकीकडे जातेय राहायला. परत यायचं म्हणून नाही.’ हे त्यांनी स्वच्छ ऐकलं. ‘का?’ असं त्यांनी विचारलं, पण तोवर ती पातेलं घेऊन उठली होती. नळ सोडून, पातेलं घासत घासत, पाठमोरी ती चार-पाच वाक्यं बोलली. तिचे खांदे हलताना त्यांना दिसत होते. मग ती थांबली आणि वळून त्यांच्याकडे पाहू लागली, तेव्हा आता आपण उत्तर द्यायचं आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं. बत्तीस वर्षांचा संसार मोडायला निघालेला असताना ‘काय म्हणालीस?’ असं कोण विचारतं? ते म्हणाले, ‘बरं.’

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन कपाटावरची तपकिरी बॅग खाली काढली.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ज्याला गाता येत नाही पण गाणं कळतं, त्याला आपण कानसेन म्हणतो. धक्क्यावरच्या लोकांनी ते नाव इंजिनं ऐकणाऱ्या माणसाला देऊन टाकलं. होडीच्या पाठीमागे अडकवतात ती आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. नदीच्या उतारावर खाली पत्र्याची शेड, वर घर, आणि घराच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट शेडच्या अंगणात उघडणारी. अंगणात पाण्याने भरलेलं एक मोठं लोखंडी पिंप. दुरुस्तीला आलेलं इंजिन त्या पिंपाच्या काठाला लटकवायचं, सुरू करायचं, आणि मग कानसेन हातभर लांब लाकडी काठी काढायचे. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी अंगणात कोणी खोकलं तरी लोक त्याच्याकडे रागाने बघत.

एकदा ते धक्क्यावर बसून बिडी ओढत होते. नदीतून एक होडी चालली होती. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, ‘ही वळणापर्यंत काही जात नाही.’ होडी वळणाच्या अलीकडे बंद पडली. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली असतील, पण त्या दिवसापासून त्यांच्या कानापुढे कोणी तोंड उघडलं नाही. कानसेनांनी इंजिन ठीक आहे म्हटलं की ठीक. मग होडीवाला आपल्या कानांना दोष द्यायचा, नाहीतर नशिबाला.

अलीकडे मात्र, कानसेनांच्या मते, जगाचा दर्जा फारच घसरला होता. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. लेकीचा फोन इतका भिकार होता की तिचं बोलणं कापसात गुंडाळून आल्यासारखं वाटायचं. ते दोनदा ‘हो हो’ म्हणून फोन आईकडे द्यायचे. तारेवरच्या चिमण्या गप्प झाल्या होत्या. आणि वस्तूंचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी नवी शिट्टीची किटली आणली. ती गॅसवर ठेवून वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होत्या आणि हे किटलीशेजारीच पेपर वाचत बसले होते. (त्यांच्या बायकोला सगळा धक्का वहिनी म्हणतो, आपणही तेच म्हणू.) वहिनी धावत आत आल्या तोवर पाणी आटून किटली काळी पडली होती.

‘एवढा वेळ वाजतेय, उठून गॅस बंद करायलाही होत नाही?’

‘वाजली कुठे? शिट्टी खराब आहे तिची.’

दुसऱ्या दिवशी कानसेन किटली घेऊन दुकानात भांडायला गेले. दुकानदाराने बदलून दिली. नवी किटलीही मुकीच निघाली. लोक काय माल बनवतात हल्ली, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

आणि वहिनी. खिडकीतून अंगणात आणि अंगणातून खिडकीत, असं त्या दोघांचं बोलणं तीस वर्षं चाललं होतं. ती वरून विचारायची, हे खालून मान वर न करता उत्तर द्यायचे. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, मीठ संपलं, लेकीचं पत्र आलं, सगळं त्या खिडकीतून. वर्षभरात ती खिडकी गप्प झाली होती. कानसेनांना वाटलं, वय झालं की बायका अबोल होत असतील. एकदा वाटलं, आपल्या हातून काही चुकलं असेल. पण काय, ते आठवेना. त्यांना ते बोलणं फार आठवायचं. हे त्यांनी कधी तिला सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टी सांगायच्या असतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

तर मंगळवारी सकाळी नगाऱ्याचं इंजिन आलं. नगारा म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं नेणारा नावाडी. त्याचा आवाज असा की तो पलीकडच्या धक्क्यावर शिंकला तर अलीकडे माणसं दचकत. पूल फार लांब, त्यामुळे ऑफिसवाले, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, सगळे त्याच्या होडीवर अवलंबून. इंजिन दोन सिलिंडरचं, त्याच्या बापाच्या वेळचं, रंग उडून गेलेलं.

‘दादा, काठावर गुणी बाळ,’ नगारा म्हणाला. ‘भर पाण्यात माणसं घेऊन वेग वाढवला की अडखळतं, दम टाकतं. हळू चालवलं की पुन्हा शहाणं.’

‘मुततंय ना बरोबर?’ कानसेनांनी विचारलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी मागून बारीक धारेने पडतं, त्याला सगळे नावाडी हेच म्हणतात.

‘त्यात काही कमी नाही.’

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन खाली आल्या. त्या नगाऱ्यासमोर उभं राहून नवऱ्याला म्हणाल्या, ‘याचं इंजिन झालं की मी निघते. याच्याच होडीने.’

म्हणजे पाहा कसा पेच होता. इंजिन दुरुस्त केलं तर बायको जाणार, आणि नाही केलं तर नाव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. कानसेनांनी चहा प्यायला, कप परत दिला आणि पाना उचलला. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी पेट्रोल बदललं. जुनं बाटलीत काढून उजेडात धरलं, तळाला पाण्याचा थेंब दिसतो का पाहिलं. नव्यात मापाने ऑइल मिसळलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते पाहिलं, कारण तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिन दहा मिनिटांत उपाशी मरतं. निम्म्या नावाड्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. इथे तो उघडा होता. प्लग नवे घातले. प्लगला वीज नेणाऱ्या दोन्ही जाड वायरी वरून पाहिल्या, त्या धड होत्या. वायर कुठे चिरली असेल तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधेच इंजिनाच्या अंगावर उडी मारते. पण तशी मारली की टक्‌टक्‌ असा बारीक आवाज येतो, आणि कानसेनांना तो आला नाही. त्यांनी मनातल्या यादीतून वायरी खोडून टाकल्या. त्यांची कामाची रीत तीच होती: जे ऐकू येतं ते तपासायचं, जे ऐकू येत नाही ते निरोगी.

पिंपात इंजिन सुरू केलं. काठी लावली, डोळे मिटले. घुमणारा, भरलेला, एकसारखा आवाज काठीतून हाडात उतरला. ‘काही झालेलं नाही याला,’ ते म्हणाले. नगाऱ्याने ते होडीला लावलं, आठ माणसं घेतली आणि नदीच्या मध्यावर इंजिनाने मान टाकली. तो वल्ही मारत परत आला.

बुधवारी कार्बोरेटर उघडला. त्याची बारीक भोकं केसाएवढ्या तारेने साफ केली, फुंकून उजेडाकडे धरून पाहिली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पातळ पडदा काढून बोटांत ताणून पाहिला, कुठे चीर नाही. सगळं पुन्हा जोडलं, पिंपात सुरू केलं. वहिनी कुठलासा डबा धुवून उन्हात ठेवायला खाली आल्या होत्या. त्या पिंपाशी क्षणभर थांबल्या, इंजिनाकडे बघून काहीतरी म्हणाल्या. काठी कानाला होती. कानसेनांनी मान डोलावली. त्या गेल्या.

ती काय म्हणाली असेल, याचा विचार त्यांनी रात्रीपर्यंत केला. ‘उद्या होईल ना?’ असं असेल. नाहीतर, ‘मुद्दाम लांबवताय ना?’ असंही असेल. दुसरं खरं असेल तर? त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं, आपण मुद्दाम तर लांबवत नाही? बुद्धी चालत नाही ती त्यामुळे का?

गुरुवारी ते स्वतः होडीत बसले. भर पाण्यात, इंजिन अडखळायला लागल्यावर, त्यांनी रबरी हातमोजा घालून आधी वरच्या सिलिंडरची वायर उपसली: इंजिन मरायला टेकलं. ती बसवून खालची उपसली: काही फरक नाही. म्हणजे ओझं पडलं की खालचा सिलिंडर कामच करत नव्हता. चला, निदान चोर कोणत्या खोलीत आहे ते तरी कळलं. काठावर येऊन त्यांनी खालचा प्लग वर आणि वरचा खाली घातला. ठिणगी देणाऱ्या दोन कॉइल आहेत, त्यांचीही अदलाबदल केली. वायरी मात्र जिथल्या तिथेच ठेवल्या, कारण त्या निर्दोष ठरल्या होत्या. दोन्ही सिलिंडरांतला दाब मोजला, तोही सारखा. पुन्हा होडी पाण्यात. पुन्हा खालचा सिलिंडर गप्प.

आता कानसेन खरोखर चक्रावले. पेट्रोल आहे, दाब आहे, प्लग बाहेर काढून पाहिला तर ठिणगी निळीशार आहे. कसलीही कमी नसताना चालत नाही. त्यांनी इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा काढला, पुन्हा बसवला. होडीचा तळ पालथा करून शेवाळ खरवडलं, जसं काही एक सिलिंडर शेवाळाने बंद पडतो. नाचता येईना तर अंगण वाकडं, हे लोकांना सांगणारा माणूस स्वतः अंगण झाडत बसला होता.

‘दादा,’ नगारा शक्य तितक्या हळू म्हणाला, म्हणजे फक्त दोन शेडपलीकडे ऐकू गेलं, ‘दुसऱ्या कोणाला दाखवू का? राग मानू नका.’

‘शनिवारी सकाळी घेऊन जा,’ कानसेन म्हणाले. ‘झालं तरी, नाही झालं तरी.’

‘आणि वहिनींची काळजी करू नका. लेक पलीकडे दहा वाजता येऊन थांबणार आहे म्हणे. इंजिन नाही झालं तर मी वल्ह्यांनी सोडतो त्यांना, त्यात काय!’

नगाऱ्याला नदीत ढकलावं असं कानसेनांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

शुक्रवारी ते घरात गेले तेव्हा बॅग दाराशी होती. पट्टे आवळलेले. तिच्यावर शिवणाचा डबा ठेवला होता, दोरीने बांधलेला. चार दिवस राहायला जाणारी बाई शिवणाचा डबा नेत नाही, एवढं त्यांना समजत होतं. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, पाठ करून. तेव्हा विचारायला हवं होतं. ‘तू त्या दिवशी काय सांगितलंस?’ इतकं सोपं वाक्य. पण चार दिवसांनी ते विचारणं पहिल्या दिवसापेक्षाही लाजिरवाणं झालं होतं. ते म्हणाले, ‘पेट्रोलचा वास येतोय ना माझ्या हातांना?’ त्यांनी साबण घेतला आणि बराच वेळ हात धुतले.

त्या रात्री त्यांना उस्ताद आठवले. त्यांना काम शिकवणारे म्हातारे उस्ताद. मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीत वीस वर्षं काढून त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यांना कुठल्याच इंजिनाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून ते भर दिवसा ताडपत्री अंगावर ओढून चालू इंजिनासकट अंधारात बसायचे आणि वायरीतून गळणारी ठिणगी डोळ्यांनी शोधायचे. तरुण कानसेन बाहेर उभे राहून हसायचे. ‘उस्ताद, घुबडासारखे काय बसता? दहा पावलांवरून ऐकू येतंय ते!’ उस्तादांना हेही ऐकू यायचं नाही. ते ताडपत्रीतून डोकं काढून, हा पोरगा आनंदात आहे असं समजून, त्यांच्याबरोबर हसायचे.

वायरी तर निर्दोष होत्या. पण आता निर्दोष असलेलंच तपासायचं राहिलं होतं.

शनिवारी सकाळी, कोणी बघण्याआधी उरकून टाकू म्हणून, त्यांनी घरातून जाड कांबळं आणलं. इंजिन पिंपाला लटकवलं, वरचं झाकण काढलं. गियर टाकून पाण्यात पंखा फिरवला, म्हणजे थोडं तरी ओझं पडेल. मग कांबळं स्वतःवर आणि इंजिनावर ओढून घेतलं. धुराने डोळे चुरचुरायला लागले. अंधाराला सरावायला थोडा वेळ गेला. खालच्या सिलिंडरची वायर जिथे लोखंडी पट्टीमागून वळत होती, अगदी मागच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, एक बारीक निळी ठिणगी पट्टीवर उडत होती. थांबत नव्हती. सरळ, भरभर, इंजिनाच्या तालात.

कानसेन तिच्याकडे बघत राहिले. ती उडी मारत होती आणि तिला आवाज नव्हता. असं कधी होत नाही. ठिणगी उडते तर वाजते. त्यांनी कान जवळ नेला, इतका जवळ की केस जळण्याची भीती. घरघर ऐकू येत होती, पाण्याची खळबळ ऐकू येत होती. ठिणगी मुकी होती, किटलीसारखी.

तेवढ्यात कांबळं कोणीतरी ओढून काढलं. वहिनी होत्या. खिडकीतून त्यांना धूर निघणारं कांबळं दिसलं होतं आणि त्याच्याखाली दोन पाय. त्या पदर खोचलेल्या तशाच धावत आल्या होत्या. मागे, होडी घेऊन आलेला नगारा उभा होता. कानसेनांनी इंजिन बंद केलं.

‘जीव द्यायचाय का?’ वहिनी समोर उभं राहून ओरडल्या. हे स्वच्छ ऐकू आलं.

‘सापडलं,’ ते म्हणाले. ‘वायर आहे. मागून चिरलीय. ठिणगी गळतेय. पण आवाज नाही करत. असं मी जन्मात...’

‘आवाज नाही करत?’ वहिनींनी नगाऱ्याकडे पाहिलं. ‘चार दिवस टकटकतंय ते! स्वयंपाकघरात माझं डोकं उठलं. बुधवारी मी इथे येऊन म्हटलं, हे टक्‌टक्‌ कसलं आहे, तर तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, माहीत आहे तुम्हाला.’

कानसेनांनी नगाऱ्याकडे पाहिलं. नगारा पायाने माती उकरत होता.

‘तुला पण ऐकू येत होतं?’

‘येत होतं दादा. पण तुम्ही काठी लावून बसलेले. तुम्ही ऐकताय म्हटल्यावर मी वेगळं काय सांगणार? मला वाटलं ते तसंच असतं.’

कानसेन इंजिनाकडे वळले आणि वायरीवर बोट ठेवून उभे राहिले. त्यांना काहीतरी कळत होतं, पण ते कळू नये असंही वाटत होतं. मागे काय चाललं होतं याचा त्यांना पत्ता नव्हता. थोड्या वेळाने नगारा म्हणाला, ‘दादा, वहिनी हाका मारतायत.’

‘कधी?’

‘आत्ता. तीनदा मारल्या.’

ते वळले. वहिनी त्यांच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता. त्यांचा आवाज आधीपासूनच बारीक आणि उंच. लग्नात सगळे म्हणाले होते, घुंगरासारखा आहे. नगाऱ्याचा नगारा ऐकू येत होता, इंजिनांची घरघर ऐकू येत होती, मित्रांच्या जाडजूड गप्पा ऐकू येत होत्या. घुंगरू तेवढं गेलं होतं, चिमण्यांबरोबर आणि किटलीबरोबर.

‘म्हणजे तुम्ही...’ त्या म्हणाल्या. ‘वर्षभर मी खिडकीतून बोलते, तुम्ही वर बघतसुद्धा नाही. आणि याने नदीतून हाक मारली की लगेच ओ देता. मला वाटलं, माझंच ऐकायचं नाही तुम्हाला. सगळ्या धक्क्याला माहीत आहे, पाण्याखालचं ऐकणारा माणूस आहे हा. तुम्हाला ऐकू येत नसेल, हे माझ्या मनात तरी कसं येणार?’

‘माझ्याही नाही आलं,’ कानसेन म्हणाले.

त्यांना लाज वाटत होती, भीती वाटत होती; आता आपण कोण, हा प्रश्न समोर उभा राहिला होता. ऐकू येत नाही असा कानसेन म्हणजे काय? पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट मोकळी झाली होती, आणि ते तिलाच चिकटून राहिले.

‘त्या दिवशी,’ ते म्हणाले. ‘सोमवारी. नळ चालू होता. तू काय सांगितलंस?’

वहिनींच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ‘ते पण?’

‘ते पण.’

त्या समोर आल्या. नगारा ऐकतोय याची त्यांनी पर्वा केली नाही. शाळेत पाठ म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं.

‘मी म्हटलं, या घरात मी आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय. मी म्हटलं, लेकीकडे निदान कोणी ओ तरी देईल. आणि शेवटी म्हटलं, तुम्ही नुसतं “नको जाऊस” म्हणालात ना, तर मी बॅगसुद्धा खाली काढणार नाही.’

कानसेनांचे ओठ हलले. ‘आणि मी...’

‘तुम्ही “बरं” म्हणालात.’

कानसेन मटकन पिंपाच्या काठाला टेकले. त्यांचा सदरा मागून पाण्यात भिजला तेही त्यांना कळलं नाही. पाच दिवस ते इंजिनाचे सगळे स्क्रू उघडत बसले होते, आणि एक शब्द त्यांनी न बघता घट्ट बसवून टाकला होता.

‘नको जाऊस,’ ते म्हणाले.

ते किती मोठ्याने म्हणाले हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. नगारा दचकला. दोन शेडपलीकडे रंग देणाऱ्या माणसाचा ब्रश थांबला. पलीकडच्या धक्क्यावर दहाच्या आधीच येऊन उभ्या असलेल्या लेकीने मान वळवून इकडे पाहिलं.

वहिनी रडायला लागल्या, मग हसायला लागल्या, मग दोन्ही.

‘वहिनी,’ नगाऱ्याने घसा साफ केला, ‘ती बॅग होडीत ठेवू, की...’

‘राहू दे तिथेच. लेकीला इकडे घेऊन ये,’ त्या म्हणाल्या. ‘आणि इंजिनाने आण. वल्ह्यांनी नको.’

नवी वायर घालायला दहा मिनिटं लागली. कामाचे हात ते, चुकले नाहीत. वायर त्या लोखंडी पट्टीपासून लांब बांधली. इंजिन होडीला लागलं. नगाऱ्याने नदीच्या मध्यावर वेग वाढवला आणि होडीचं नाक वर उचललं गेलं. एकदाही अडखळलं नाही.

कानसेन आणि वहिनी काठावर उभे राहून बघत होते. सवयीने कानसेनांच्या हातात काठी होती. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली.

त्यांच्या उजव्या बाजूला वहिनी काहीतरी म्हणाल्या. ओठ हलताना त्यांना दिसले. मान डोलावायची सवय मानेत होतीच, ती अर्धी हललीसुद्धा. मग त्यांनी ती थांबवली.

‘काय म्हणालीस?’ त्यांनी विचारलं.

ती दोन पावलं जवळ आली, आणि तिने पहिल्यापासून सांगितलं.